दोन पाळ्या, एक प्रोजेक्टर

नाव विचारू नका.
नेरेत्वाकाठच्या आमच्या गावात
नावावरूनच कळतं माणूस कुठल्या पाळीचा.
मी शिपाई. इमारत एक, शाळा दोन,
किल्ल्यांचा जुडगा माझ्या कमरेला.

सकाळी यादरांकाबाईंचा वर्ग.
पडदा मी सोडतो, वायर मी जोडतो.
व्हिडिओ बारा मिनिटांचा:
बाकावरचा म्हातारा म्हणतो, "ते सगळे सारखेच."
मग एक गोड आवाजाची बाई समजावते,
शितावरून भाताची परीक्षा होते,
माणसांची नव्हे.

दुपारी सेनादसर.
त्याच खुर्च्या, अजून कोमट.
व्हिडिओ नऊ मिनिटांचा, रंग जरा बरे.
इथे बाकावर म्हातारी.
"ते सगळे सारखेच," तीही म्हणते.
समजावणारा आवाज पुरुषाचा,
तोही गोडच.

बाई पावाला क्रुह म्हणतात, सर ह्ल्येब.
पाव पुलाजवळच्या त्याच भट्टीतला.
"ते" म्हणायला मात्र
दोघांचा शब्द एकच: ओनी.

सहा वर्षं झाली, दोन्ही तोंडपाठ आहेत.
धडा तोच, सरसकट बोलू नये.
फक्त सकाळच्या म्हाताऱ्यामागे मिनार दिसतो
आणि दुपारच्या म्हातारीमागे चर्चची घंटा.
म्हणजे सरसकट बोलतात
ते.
सगळेच्या सगळे.

मी कुणाला हसावं?
सूर्यफुलाच्या बियांची सालं
दुपारचीच पोरं टाकतात, अशी माझीही खात्री होती.
एकदा सकाळची पाळी सुटताच झाडलं,
सुपलीभर निघाली.
तेव्हापासून कुणाच्या नावाने ओरडायचं
ते कळेना झालंय,
मुकाट झाडतो.

आज खिडकीकडचं तिसरं बाक.
पेन्सिलीने, बारीक अक्षरात:
"तुम्ही सगळे खडू चोरता."
खाली, डावीकडे कललेलं, दुसऱ्याच हाताचं:
"सगळे नाही. मीच."
आणि त्याखाली, शिसं अजून चमकतंय,
पुन्हा सकाळचं अक्षर:
"कुठल्या रंगाचे?"

ओलं फडकं हातात होतं.
बाकं रोज पुसायची असा हुकूम आहे,
दोन्ही मुख्याध्यापकांच्या सह्यांचा.
दोघांची सही असलेला
शाळेतला तेवढाच कागद.

मी चौथं बाक पुसायला घेतलं.
दीडला घंटा होते.