आकसाची पट्टी

शाळेच्या मागं, पत्र्याच्या शेडमध्ये
सुतारकामाचा तास असायचा,
वचनपाठांतराच्या तासाला लागूनच.
दोन्हीला सर एकच, आमोस सातपुते.
त्यामुळं शलमोन राजाचं मंदिर
माझ्या डोक्यात कायम
सागवानी भुशाच्या वासाचं राहिलं.

एका सकाळी त्यांनी शिकवलं
की खोटं माप देवाला सोसत नाही.
दुपारी त्यांच्याच पेटीत
मला दोन पितळी पट्ट्या सापडल्या.
शेजारी शेजारी ठेवल्या.
हीही एक फूट, तीही एक फूट,
आणि एक दुसरीपेक्षा सूतभर लांब.

मी अकरा वर्षांचा, हॉस्टेलमधला.
आई मिशनच्या दवाखान्यात चादरी धुवायची.
पट्टी उंच धरून वर्गासमोर म्हणालो,
"सर, ही खोटी हाय."

मारलं नाही.
(एरवी मारायचे. तेही सांगायला हवं,
माझ्या उजव्या कानाला अजून आठवतं.)
उद्यमनगरची सुट्टी सोमवारी,
म्हणून रविवारी उपासना सुटल्यावर
इस्त्रीच्या शर्टातच मला फौंड्रीत नेलं.

वाळूच्या पेटीत लाकडी पॅटर्न दाबला,
हलक्या हातानं काढून घेतला.
राहिली नुसती पोकळी.
तिच्यात लालभडक रस ओतला,
तेव्हा माझ्या पापण्या करपल्यासारख्या झाल्या.
"निवताना लोखंड आकसतंय, नेहम्या.
फुटामागं एक सूत.
म्हणून लाकूड आधीच तेवढं वाढवून घडवायचं.
ही पट्टी खोटी न्हाई.
हिला फुडचं ठाऊक हाय."

एकतीस वर्षं पॅटर्न करतोय.
पंपाचे, व्हॉल्व्हचे, उसाच्या चरकाच्या दात्यांचे.
पंप शेतात जातो, पाणी उपसतो,
लाकूड माझ्या माळ्यावर धूळ खात पडतं.
त्याचं वाईट वाटत नाही.

एकदा मात्र घाईत होतो.
लाकडात गाठ होती, मी लांबी भरून रंग मारला.
मगदूम मालक म्हणाले, चालतंय की.
चाललंही. चाळीस नग गेले.
त्या रविवारी प्रभुभोजनाची थाळी
माझ्यापर्यंत आली आणि मी ती पुढं सरकवली.
शेजारी सर होते. काही विचारलं नाही,
फक्त स्वतःचा तुकडा बराच वेळ
हातात धरून बसले.
सोमवारी मालकांच्या घरी जाऊन सांगितलं.
नग परत आणायचा खर्च
दोन वर्षं पगारातून कापला गेला.

विश्वास आहे का तुमचा, मुलगी विचारते.
ती पुण्यात शिकते, तिला नीट उत्तर लागतं.
काय सांगू?
पाठ केलेली निम्मी वचनं विसरलो.
प्रार्थनेत डुलकी लागते.
सरांनी दिलं तेवढं राहिलं नाही,
आकसलो मीही.
पण त्यांनी देतानाच
थोडं जास्त दिलं असावं.

सर गेले त्या रात्री
पेटी करायला मलाच बोलावलं.
साग नव्हता, आंब्याच्या फळ्या होत्या.
पाच फूट सहा इंच, मी मोजलं, कापलं, जोडलं.
पहाटे लक्षात आलं,
सवयीनं खिशातून
आकसाचीच पट्टी निघाली होती.

उचलताना पाळकसाहेब म्हणाले,
जरा मोठी झाली का रे?
आत डोक्याशी दोन बोटं जागा उरली होती.
त्यांच्या बायकोनं, सलोमीबाईंनी,
पदराच्या गाठीतून पेन्सिलीचा तुकडा काढला,
सर कानामागं खोचायचे तो,
आणि तिथं ठेवला.

मंगळवारी कामावर गेलो.
नवीन ड्रॉइंग आलं होतं, चाकाचं.
पट्टी काढली, सदऱ्याला पुसली,
आणि कानामागं हात नेला
तर पेन्सिल नव्हती.