कायतानने लाईट घालवली

दीड वाजता पाणी उंबऱ्याशी आले
आणि पावणेदोनला लाईट गेली.
खरे सांगते, पहिली शिवी मी नदीला दिली नाही,
कायतानला दिली.
शेजारच्या शेवंतीने माझ्याहून मोठ्याने दिली.
आमच्या वाड्यावर ही सवयच:
वारा सुटला, फांदी मोडली,
आमटीला फोडणी देताना अंधार झाला
की लाईनमन कायतानच्या सात पिढ्या.

म्हादई आली ती ओरडत आली नाही.
पायपुसण्याखालून आली,
शिवणयंत्राच्या पायटीवर चढली,
मग गुडघ्याला.

अंधारात मी उचलली मापांची वही.
चवथीची बत्तीस ब्लाऊजे राहिली,
मामंजींच्या गोळ्या राहिल्या,
वहीच का, ते मला विचारू नका.
गांजेभरच्या बायकांचे खांदे आणि दंड
प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून डोक्यावर घेतले,
रुहीला कडेवर, मामंजींना कोपराला धरून
बाहेर पडले.

कुळागराच्या वळणावर पोटाला काही लागले.
पोफळीवरची मिरवेल असेल, सुटून आलेली.
मी ती मुठीत धरली, वर उचलली,
रुहीला म्हटले, वाक,
आणि तिघे तिच्याखालून गेलो.

शाळेच्या माडीवर रात्र काढली.
सकाळी कोणीतरी होडीतून पेज आणली,
सोबत खारातली तोरे.
मीठ जास्त होते.
इतके चांगले मी काही खाल्ले नव्हते कधी,
आणि तरी मनात म्हणाले, मीठ जास्त आहे.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरले.
वळणावर मिरवेल नव्हती.
खांबावरून सुटलेली तार होती,
अर्धी चिखलात.
मी धरली होती तिथे तिच्यावर
काहीही खूण नव्हती.
मी तळहात उलटा केला, सुलटा केला.
मग तिथेच, चिखलात, बसले.

कायतान स्वतःहून काही बोलला नसता.
त्याच्या बायकोने सांगितले:
साहेबाचा फोन लागेना,
हा छातीभर पाण्यातून ट्रान्सफॉर्मरपर्यंत गेला
आणि कोणाला न विचारता
अख्ख्या वाड्याची लाईन पाडली.
तेवढ्यात यांची दोन डुकरे वाहून गेली.
वर आता ऑफिसातून मेमो आलाय,
परवानगीशिवाय का.

मी त्याच्या दारात उभी.
काय म्हणायचे?
धन्यवाद हा शब्द आमच्याकडे
स्नेहसंमेलनाच्या शेवटी बोलतात,
माईक खरखरत असताना.
आभारी आहे म्हटले तर मलाच हसू आले असते.
राहिले ते रोजचे, देव बरें करूं.
पण देवाला मी त्याच सकाळी पाहिले होते,
देवळात गळ्यापर्यंत गाळ,
गुरव नारळाच्या करवंटीने उपसत होता.
त्याच्यावर आणखी काम कशाला ढकलू?

म्हणून म्हणाले, तुझी पँट फाटलीय.
तो खाली बघून म्हणाला,
गुडघ्याकडे, हां. खांबावर लागली.
दे, म्हटले.
मशीन अजून उन्हात होते, चाकात रेती करकरत होती.
हाताने शिवली.
दुहेरी धाग्याने, नको तितकी घट्ट.

अकराव्या दिवशी लाईट आली तेव्हा
सगळा वाडा ओरडला, मुले नाचली.
मी बटणाकडे गेले आणि
बोट अलीकडेच थांबले.
रुहीने दाबले.

परवा पुन्हा गेली, जेवणाच्या वेळी.
शेवंतीने सुरुवात केली: मेल्या काय...
आणि गप्प झाली.
मग भिंतीपलीकडून, हळूच:
बरा असेल ना गो तो?

बिल आले. अकरा दिवसांचे युनिट शून्य.
मी ते घडी घालून वहीत ठेवले,
ब्लाऊजांच्या मापांमध्ये एका पानावर
जिथे पहिल्यांदाच एका पुरुषाचे लिहिले आहे:
कायतान. कंबर छत्तीस. लांबी एकोणचाळीस.
उजवा गुडघा, ठिगळ.
पैसे:
पुढे काही लिहिले नाही.