भिंतीवरची पावलं

सूक्रेबाहेर, सिमेंटच्या खाणीत
सातुर्नीनो दोरावर लटकून पावलं मोजतो.
भिंत कसली, तळ्याचा काठ हा,
आडवा होता तेव्हा डायनासोर चालून गेले,
मग जमीनच उठून उभी राहिली.

"एक मीटर दहा. पुढचं नव्वद. पुन्हा एक दहा.
लंगडत होता गं!"
वरून एलिओडोरा, हातात वही : "नक्की?"
नक्की कसं सांगावं? हाड नाही, दात नाही,
एका दुपारचं चालणं तेवढं उरलंय.
पण दुखरा पाय त्याच्या ओळखीचा :
टेकवला न टेकवला की उचलायचा.

शेजारून तीन बोटांची दुसरी रांग येते,
आधी सावकाश,
मग लांब ढांगांची.
पुढे काय झालं ते
सुरुंगानं उडवलं, दळलं, पोत्यांत भरलं.
निम्म्या गावाच्या भिंतींत आहे.