पितळी बिल्ले

गेल्या वर्षीचा आमचा रोबो
एका निळ्या पेनड्राइव्हमध्ये राहायचा,
पेनड्राइव्ह ड्युईच्या जीन्समध्ये,
आणि ती जीन्स, स्पर्धेला तीन दिवस उरले असताना,
त्याच्या आईने धुतली.

त्यानंतरची रात्र मी सांगत नाही.
पाच लॅपटॉप, पाचांवर पाच फायली:
शेवटची, शेवटची-दोन, खरीच-शेवटची,
हिला-हात-लावू-नका,
आणि एक नुसतीच 'आयली',
जी आयलीने लिहिलीच नव्हती.

म्हणून यंदा नोव्हेंबरात,
सुपीरियर सरोवरावरून आलेला बर्फ
तळघराच्या खिडक्या अर्ध्या बुजवून बसलेला,
आम्ही आठ जण थंड पिझ्झ्याभोवती जमलो,
लिहिलेलं ठेवायचं कुठे ते ठरवायला.

ड्युई म्हणाला, एकच सर्व्हर. इथे, शाळेत.
हवी ती फाइल उचला, कुलूप घाला,
काम झालं की जागेवर ठेवा.
एकदा धुलाई सोसली
की माणसाला कुलपं आवडू लागतात.

आणि मार्क्वेटच्या जिममध्ये? आयलीने विचारलं.
तिथे नेटवर्क नाही, तुझं तळघर शंभर मैल मागे,
आणि कुलूप घातलेला पोरगा तापाने घरी.
तिला गिट हवं होतं:
प्रत्येकाकडे सगळंच, अगदी पहिल्या ओळीपासून.

'म्हणजे आठ पेनड्राइव्ह.'
'हो, पण एकमेकांना ओळखणारे.'
'आणि दोघांनी एकच ओळ बदलली तर?'
'तर ते थांबतं. विचारतं.'
'कोणाला?'
'तुम्हा दोघांना. शेजारी बसवून.'

मी फळ्यावर दोन रकाने आखले होते
आणि दोन्हींत प्रामाणिकपणे लिहीत होतो.
मला मात्र दोन्हींतलं काहीच नको होतं.

मग तिने एक आज्ञा दाखवली:
प्रत्येक ओळीपुढे नाव उमटतं,
ही कोणी लिहिली, कधी.
त्या आज्ञेचं नावच 'दोष'.
कोणी हसलं नाही.
नववीतल्या एलियटने लॅपटॉप हळूच मिटला.

मंगळवारी सोल्डरिंग शिकवायला येणारे
हेक्किनेन आजोबा तोवर गप्प होते.
कॉम्प्युटरला ते 'तो डबा' म्हणतात.
म्हणाले, खाणीच्या तोंडाशी एक फळी असायची.
उतरताना आपला पितळी बिल्ला खिळ्याला अडकवायचा,
वर आलं की काढायचा.
माझ्या बापाचा तीनशे सात.
पाळी संपली की मुकादम फळी बघायचा.
चूक कोणाची, ते फळी सांगत नसे.
अजून कोणासाठी थांबायचं, तेवढं सांगायची.

मग त्यांनी विचारलं,
ही इस्त्री तापत ठेवून कोण गेलंय?

पाच विरुद्ध तीन. गिट.
आयलीने जुनी 'खरीच-शेवटची' आत घातली,
त्यामुळे हजारभर ओळींपुढे तिचंच नाव.
दोनशे बाराव्या ओळीपुढेसुद्धा,
जिथे उजव्या चाकाच्या गतीआधी
एक उणे चिन्ह अजून तसंच बसलं होतं.

त्या चिन्हाने मार्चमध्ये रोबोला
पूर्ण वेगात भिंतीवर नेलं होतं.
दुसऱ्याच दिवशी जीन्स धुतली गेली,
आणि सगळे पेनड्राइव्हसाठी रडत असताना
मी आत कुठेतरी वाळत घातल्यासारखा हलका झालो होतो.

आता नुसतं पुसलं असतं तरी चाललं असतं.
संदेशाची चौकट रिकामी, कर्सर लुकलुकणारा.
मी लिहिलं:
उजवं चाक, उणे काढलं. मार्चमधलं. माझं होतं.

डब्याने त्याला एक लांबलचक क्रमांक दिला,
आकडे, अक्षरं, कशाचा कशाला मेळ नाही.
मी पहिले तीन तेवढे पाठ केले.

रात्री साडेदहाला ड्युईने घरून सगळं ओढून घेतलं असावं.
फोन वाजला. त्याची एकच ओळ:

इतके दिवस मला वाटत होतं ते माझं आहे.