कूलरवाला पावसाळ्यात काय करतो

मारबत निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशी
सातवी ब मधल्या निम्म्या पोरांचे घसे बसलेले.
बरं झालं, म्हटलं, आज लिहा.
चौघांचा एक गट, गटाची एक गोष्ट,
वही एक, पेन ज्याचा त्याचा,
म्हणजे कोण नुसतंच बसलं ते मला कळेल.
फळ्यावर लिहिलं : सुरुवात, अडचण, बदल, शेवट.
'बदल'खाली दोन रेघा ओढल्या.
प्रशिक्षणात तशाच ओढल्या होत्या.

गट क्रमांक तीन खिडकीजवळ.
मुस्कान शेख, अक्षर सुबक म्हणून गटप्रमुख.
डिंपल साहू, जिला प्रत्येक गोष्टीत भूत लागतं.
अंशुल उईके.
आणि तुषार निनावे, ज्यानं वहीच्या माथ्यावर
एक प्रश्न लिहिला आणि मग
बराच वेळ पेनाचं टोपण चावत राहिला :

कूलरवाला पावसाळ्यात काय करतो?

मी या शहरात एकेचाळीस उन्हाळे काढले.
दर मार्चमध्ये कोणीतरी येतो,
वाळ्याच्या ताट्या बदलतो, पंप उघडतो,
पैसे मोजून खिशात घालतो
आणि घरभर ओल्या वाळ्याचा वास सोडून जातो.
जुलैत तो कुठे असतो,
मला कधी पडलाच नव्हता हा प्रश्न.

उईकेनं लिहिलं : तो गावी जातो, रोवणीला.
मुस्काननं लिहिलं : तो पतंगाच्या काड्या तासतो.
संक्रांत लांब आहे, पण काड्या खूप लागतात.
डिंपलनं लिहिलं : तो मेलेला असतो.
फक्त मार्चमध्ये परत येतो.
हे सगळ्या गटाला आवडलं. खरं सांगते, मलाही.

मग निनावेनं वही ओढली.
तो काहीच करत नाही. ओट्यावर बसतो.
आई म्हणते, फ्रिजचं तरी शिकून घ्या.
तो म्हणतो, हो.

थोडा वेळ वहीवर कोणीच वाकलं नाही.
नंतर मुस्काननं, गटप्रमुखाच्या अधिकारात,
त्याला मेट्रोत नोकरी लावून दिली.
उईकेनं पगार वाढवला.
डिंपलनं भूत काढून टाकलं, स्वतःहून.
कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

निनावेनं सगळं खोडलं. पान फाटलं.
"खोटं हाये थे."
"गोष्ट हाये बे. गोष्टीत लावून देता येते."
"मंग खरीच लावून दे ना."

गटकार्यात शिक्षकानं मध्ये पडायचं नसतं.
मी पडले.
सवयीनं फळ्याकडे बोट गेलं.
बदल कुठाय, तुषार?
त्यानं त्या दोन रेघांकडे पाहिलं.
"मॅडम, काहीच नाही बदललं
तं थे गोष्ट नाही होत का जी?"

व्हरांड्यात खिचडीचा गंज उतरला होता,
ताटल्यांचा आवाज सुरू झाला.
विचारून सांगते, म्हटलं.
कोणाला विचारणार होते, कोणास ठाऊक.

शनिवारी वही आली.
चार हस्ताक्षरं, फाटलेलं पान
भाताच्या शितांनी चिकटवलेलं, कडक झालेलं.
नोकरी नव्हती. रोवणी नव्हती.
शेवटी एवढंच :
ओट्यासमोर कूलरची रिकामी टाकी आहे.
तिच्यात पाणी साचतं. मच्छर होतात.
तो ती रोज एकटाच उपडी करतो.
आज पोरानं दुसऱ्या बाजूनं धरली.

शेवटची ओळ उईकेच्या अक्षरात.
'धरली' खोडून
निनावेनं केलंय : 'धरून पाहिली. जड होती.'

गुणतक्त्यात रकाने आहेत,
कल्पकता, शुद्धलेखन, सहकार्य.
'मच्छर'चं मी नेहमी 'डास' करते.
लाल पेन तिथवर नेला आणि टोपण लावलं.

शिक्षकखोलीत कोणी नव्हतं.
खिडकीतल्या कूलरवरचं गोणपाट
एका कोपऱ्यातून वर केलं.
टाकीत वीतभर पाणी होतं.