सुटे भाग

खोक्याचं झाकण तेवढं उरलंय.
त्यावर केशरी धूर, निळ्या अक्षरांत 'झेप – २',
किंमत रुपये साडेअकरा, रंग वेगळा घ्यावा लागेल.
झाकणात घडी घातलेला सूचनांचा कागद,
उजवा खालचा कोपरा कसरीने खाल्लेला.

ढमढेऱ्याचं होतं ते रॉकेट.
एकोणीसशे चौऱ्याहत्तर, त्यांची गच्ची,
तो जोडायचा, मी डिंकाची बाटली धरायचो.
झाकण माझ्याकडे कसं आलं, ते मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

भाग क्रमांक एक: पुठ्ठ्याची नळी, व्यास चोवीस मिलिमीटर.
लक्ष्मी रोडवर तागे गुंडाळायच्या नळ्या मिळतात,
त्या मनगटाएवढ्या.
बोहरी आळीत एकाने पीव्हीसी काढून दिली.
"शंभर वर्षं जागची हलणार नाही," म्हणाला.
मला हलणारी हवी होती.
मिळाली जुन्या बाजारात, बुधवारी,
मेलेल्या फॅक्स मशीनशेजारी चार रोल, कोरे.
मी उभ्याउभ्या कागद सोडवून परत केला,
तर म्हणतो, पैसे कागदाचेच आहेत, नळी फुकट.

भाग पाच: पॅराशूट.
पातळ पिशवी लागते, जिच्यावर आता दंड आहे.
मंडईत कोथिंबीरवालीने गोणपाटाखालून एक काढली,
इकडेतिकडे बघत हातात कोंबली,
गांजा द्यावा तशी.

तुळशीबागेत इलॅस्टिक मागितलं.
"परकराला?"
"रॉकेटला."
"मग डबल घ्या," ती म्हणाली आणि कापलंसुद्धा.

टोकाला बाल्सा लिहिलाय. बाल्सा कुठला!
भवानी पेठेत बाबूलाल कातारी लाटणी करतो,
पाळण्याच्या दांड्या, हल्ली जास्त करून पडद्यांचे गोंडे.
त्याने पांगारा काढला, तळहातावर उडवून दाखवला,
वजन नाहीच त्याला.
लेथवर धरला, भुसा माझ्या चष्म्यावर.
तीनदा मी म्हटलं, अजून जरा गुळगुळीत.
चौथ्यांदा त्याने पायाने मोटर बंद केली.
"उडणार आहे का हे?"
"नाही. त्याची दारू मिळत नाही. मी शोधलीही नाही."
"मग वाऱ्याला कुठे बोचणार आहे?"
मी काही बोललो नाही.
त्याने पुन्हा मोटर लावली.

कागदावर वजन अडतीस ग्रॅम.
माझं भरलं छप्पन्न, वाण्याच्या काट्यावर, दोनदा.
या अठरा ग्रॅमवर काहीतरी लिहिता आलं असतं.
पण तो फेव्हिकॉल आहे.
मला पहिल्यापासून जास्त लावायची सवय,
ढमढेरे त्यावरून ओरडायचा.

रविवारी वारज्याला गेलो, त्याच्याकडे.
त्याला आता समोरचं दिसत नाही,
कडेकडेचं दिसतं.
म्हणजे मी सोफ्यावर बसलो की नाहीसा होतो
आणि दाराजवळची छत्री स्पष्ट.
वर्तमानपत्रात गुंडाळलेलं त्याच्या मांडीवर ठेवलं.
काय आहे, विचारलं नाही.
डोळे मिटले, मग कागद सोडला.

अंगठा टोकावर गेला. तिथेच राहिला बराच वेळ.
आतून सून विचारत होती, चहात साखर किती.
मग बोटं खाली, नळीवरून,
दोन रोल जोडलेत तिथे किंचित अडखळली,
पुढे पंख.
एक. दोन. तीन.
थांबला.
पुन्हा सुरुवातीपासून.

"पंख तीन होते रे."
"चार."
"तीन. कागद बघ."
कागद बघितला.
कसरीने नेमका तेवढाच खाल्ला होता.

चार पंख होते हे मी पन्नास वर्षं डोळ्यांनी बघत आलो,
रात्री, पाठ टेकल्यावर, अगदी स्वच्छ.

एक कापून भागत नाही.
तीन म्हटले की सगळेच कोन बदलतात,
चारही उपटायचे, नळी सोलणार,
नवी नळी म्हणजे पुन्हा फॅक्सवाला.

"आणि झाकण पण आण पुढच्या वेळी,"
ढमढेरे म्हणाला,
डोळे न उघडता.

परवा बुधवार आहे.