धुवायची गरज नाही

रात्री दोन चाळीसला
तापमानाची रेघ झोपली.
कंट्रोल रूममध्ये कुणी ओरडलं नाही.
यूपने फक्त कॉफीचा कप खाली ठेवला
आणि मी, फीन हेर्मकेन्स,
एकतीस वर्षं याच फाटकातून आत येणारी,
काचेपलीकडच्या रिअ‍ॅक्टरला म्हटलं,
काय रे, काय झालं?

इथिलीन येत होतं. प्रॉपिलीन येत होतं.
तिसराही येत होता, थेंबाथेंबाने, तो उग्र वासाचा,
ज्याच्यापायी नवरा माझे सदरे वेगळे धुतो
(पुढे गंधकाला हात देणारा तोच).
पाहुणे सगळे हजर,
यजमान गप्प.

यजमान म्हणजे झिर्कोनियमचा एक अणू.
दोन पंचकोनी कड्यांमध्ये बसलेला,
जात्याच्या दोन तळ्यांत दाणा असावा तसा,
पण कधी न दळला जाणारा.
जातं एका बाजूने किलकिलं.
तिथून येणारा कुणीच रांगेच्या शेवटी उभा राहत नाही,
प्रत्येक जण पुढेच घुसतो,
अणू आणि आधीचा यांच्या मध्ये,
आणि शेपूट मागे लांबत जाते,
सेकंदाला हजारो जण,
सगळ्या साखळ्या जवळजवळ एका मापाच्या.

जुना व्हॅनेडियम असा नव्हता.
तोंड बघून वाढणारा वाढपी,
कुणाला ओंजळभर, कुणाला नुसता वास.
वर त्याला नंतर धुऊन काढा,
पाण्याचे हौदच्या हौद,
नाहीतर रबर अकाली म्हातारं.
हा नवा चवीपुरत्या मिठाहूनही कमी लागतो.
धुवायची गरज नाही.
आत राहू द्यायचं.

हे मी वडिलांना सांगितलं होतं एका रविवारी,
जर्दाळूच्या फ्लायचा तुकडा त्यांच्यापुढे सरकवत.
लै हेर्मकेन्स, चोवीस वर्षं जमिनीखाली,
खाण बंद झाली त्या दिवशी
कंदील परत करायला विसरलेले.
"म्हणजे ते आतच राहतं?"
हो.
"मोजलंय?"
मोजलंय. दहा लाखांत दोन-तीन भाग.
मान हलवली त्यांनी. मग खोकले.
बराच वेळ खोकले.
फ्लायवरची साखर ताटलीभर उडाली
आणि मी ती बोटाने गोळा करत बसले,
दुसरं काय करणार.

साडेचारला सापडलं.
हेक्झेनच्या लाइनवरची एक कडी,
यूपने गेल्या आठवड्यात बदललेली,
काळी, मऊ, आमच्याच रबराची.
कान लाल करून म्हणाला,
"मला वाटलं, आपलंच बरं."
आपलंच, बाळा.
आपलं रबर ऊन सोसतं, पाऊस सोसतं,
गाडीच्या दारात वीस-वीस हिवाळे अडवून धरतं.
हेक्झेन तेवढं सोसत नाही.
ज्यात जन्मतं त्यातच फुगतं.
फुगलं, लाइन रिकामी झाली तेव्हा सुकलं, आकसलं,
आणि केसाएवढ्या फटीतून
मास नदीवरचं धुकं आत आलं,
घोटभरही नाही,
काचेवर टाकलेल्या श्वासाएवढं.
तेवढ्याने आमचे सगळे यजमान मेले.

कडी बदलली. लाइन कोरडी केली. नायट्रोजन सोडला.
मग वाट बघणं, जे या धंद्यात
कुणी शिकवत नाही आणि सगळ्यांना येतं.
खिडकीतून खाणीच्या मातीचा डोंगर दिसायला लागला,
त्यावर आता बर्चची झाडं आहेत,
कुत्र्यांना फिरवणारी माणसं आहेत.

सहा दहाला रेघ उठली.
आधी कूस बदलावी तशी, मग सरळ.

दुपारी पहिली गासडी आली, पंचवीस किलो, अजून कोमट.
मी अंगठा दाबला.
खड्डा पडला,
आणि भरून आला, घाई न करता.

"वहीत काय लिहिलंस?" यूपने विचारलं.
"कडी."
"आणि?"
"कडीच."